कापसाचा वरचा थर

बसा, पान लावा, पाय पसरा. आज माझ्याच फजितीचं सांगतो. बाजारात फसलो असतो तर ब्र काढला नसता, दलालाची अब्रू जाते. पण मी फसलो देवाच्या घरात, आणि तेही स्वतःच्या हुशारीनं!

ते दिवस तुम्हाला ठाऊकच आहेत. तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापूस सोन्यासारखा झाला. अकोल्याचे रस्ते गाड्यांनी असे तुंबायचे की माणसानं घरी जायचं ते बैलांच्या पोटाखालून! मी कापसाचा दलाल. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत उभा. जेवायला बसलो की घास तोंडात आणि डोळे मिटलेले. बायको म्हणायची, "आधी तेवढा गिळा, मग घोरा!"

मी एकटा कुठला, सारं गावच दमलेलं. बाया दिवसभर हातरेच्यावर बसून कापसातली सरकी काढायच्या, गडी गठ्ठे बांधायचे. आमच्या प्रार्थनाघरात रविवारी चाळीसेक ख्रिस्ती माणसं जमायची, त्यातली निम्मी भिंतीला पाठ टेकायला यायची. खोटं कशाला बोलू? मीही त्यातलाच.

अशात आमचे पाद्री अमरावतीला तापानं पडले. तिथून त्यांची चिठ्ठी आली. येत्या रविवारची उपासना दौलतराव, म्हणजे मी, चालवावी. मिशनचे मोठे साहेब पाहायला येतील. मंडळी आपल्या बळावर गाते, प्रार्थना करते असं दिसलं तर अकोल्याचं प्रार्थनाघर राहील. नाहीतर ते बंद होऊन सर्वांनी अमरावतीस राहायला यावं.

चिठ्ठी वाचली आणि गंगूमाय उसळली. गंगूमाय म्हणजे सत्तरीची माळीण. भाजी विकायची, गुडघे गेलेले.

"अमरावतीले? मले कोन नेते? वांग्याच्या टोपल्यात घालून नेता का? माहा म्हातारा इथंच मातीत हाये. मी कुठी नाही जात!"

"गंगूमाय, घोर नको करू," मी छाती काढून म्हणालो. "मी हाय ना!"

आता उपासना चालवायची म्हणजे काय? मला वाटलं, त्यात काय एवढं! बाजारात कापसाची गाडी कशी भरतात? वरच्या थराला पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस. पाल्याची पत्ती, किडकी पिवळी कवडी सगळी खाली. घेणारा वरून हात फिरवतो आणि खूश होतो. मंडळीची गाडी मी तश्शीच भरली!

आमच्यात गळा असलेली माणसं तीन. गाबाजी शिंपी आणि रेच्यावर बसणाऱ्या दोघी बहिणी. त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं, त्यांच्यासमोर साहेबांची खुर्ची. बाकी सारे मागे. आणि सगळ्यात मागे गंगूमाय, कारण तिचा आवाज म्हणजे तेल न घातलेलं गाडीचं चाक.

"गंगूमाय, तू गाऊ नको. नुसते ओठ हालव."

"काहून?"

"साहेब येऊन राहिले."

"आपुन साहेबासाठी गातो का देवासाठी?"

"या रविवारी साहेबासाठी."

"मंग देवाले सांगून ठेव, गंगू मुकी नाही झाली म्हणून!"

मागच्या सगळ्यांनाच मी तेच सांगून ठेवलं. दमलेली माणसं, त्यांना बरंच झालं.

रविवार उजाडला. साहेबांचा पत्ता नाही. गाड्यांच्या गर्दीत अडकले असणार. किती थांबायचं? शेवटी मी गीत सुरू करायला सांगितलं आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. पांढरी दाढी, अंगभर धूळ, साहेब पायीच आले होते! पुढची खुर्ची मी हातानं दाखवली. त्यांनी हातानंच "चालू द्या" म्हटलं, आणि टेकले कुठे? थेट गंगूमायच्या शेजारी!

कापसात कोपरापर्यंत हात घालणारं गिऱ्हाईक होतं हे!

पहिलं कडवं पुढच्या तिघांनी छान म्हटलं. साहेब मात्र गंगूमायच्या तोंडाकडे पाहत होते. तोंड हलतंय, आवाज नाही. त्यांनी कान जवळ नेला. साहेब ऐकताहेत म्हणून तिनं मान राखायला तोंड आणखी मोठं उघडलं! साहेब दुसरीकडे वळले. तिथं गाडीवान म्हादबा, त्याचंही तेच. साहेबांनी कानात बोट घालून हलवलं.

दुसऱ्या कडव्याला थोरल्या बहिणीला खोकला आला. आठवडाभर कापसाचा धुरळा गिळलेला गळा तो! तिला पाणी द्यायला धाकटी थांबली. उरला गाबाजी. पाहतो तर गाबाजी बसल्या जागी झोपलेला! मी गावं म्हणाल, तर माझा आवाज बाजारात ओरडून ओरडून केव्हाच बसला होता. मी नुसते हात हलवत राहिलो.

डोळ्यांसमोर आणा हो! पस्तीस तोंडं उघडताहेत, मिटताहेत, आणि घरात चिटपाखराचा आवाज नाही. मेले बाहेरचे गाडीवानही नेमके त्याच वेळी गप्प!

साहेब धडपडत उठले. "देवा! माझे कान गेले! पहिल्याने थोडे ऐकू येत होते, आता काहीच येत नाही!" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

गंगूमायनं माझ्याकडे पाहिलं. मी, मेल्यानं, डोळ्यांनीच खुणावलं, गप्प!

"तूच चूप बस, दौलतभाऊ!" ती कडाडली. "म्हातारा माणूस रडून राहिला, आन् तुले साहेबाची पडली!"

साहेबांचा हात धरून त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं गीत असं काही सुरू केलं की गाबाजी दचकून जागा झाला. मागचे सगळे सुटले. कोण कुठल्या सुरात, देव जाणे! खोकणारीही खोकत खोकत गायला लागली. साहेब रडत, हसत ओरडत होते, "येते! ऐकू येते!" आणि त्यांनीही सूर मिळवला. त्यांचा सूर तर गंगूमायच्याही पलीकडचा!

उपासना संपल्यावर त्यांनी विचारलं, "मघाशी सारे मुक्याने का गात होते?"

कोणी माझं नाव घेईना. मी सतरंजी झटकायला लागलो.

"या दौलतभाऊनं सांगतलं," गंगूमाय म्हणाली. "पर मानूस वाईट नाही, साहेब. लई थकून गेला हाये."

मग मी गाडीच्या थरासकट सारं कबूल केलं. साहेबांनी दाढी कुरवाळली.

"प्रार्थनाघर राहील," ते म्हणाले. "गीत यापुढे गंगूबाई धरतील."

"आणि मी, साहेब?"

"दौलतराव, सातवा दिवस विश्रांतीचा, अशी आज्ञा आहे. आपण तेवढी पाळावी."

देवाच्या आज्ञेनं कामावरून काढलेला अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन! पुढच्या रविवारी भिंतीला टेकलो आणि गंगूमायच्या त्या आवाजातही गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा घर रिकामं. गंगूमाय माझा खांदा हलवत होती.

"ऊठ, भाऊ, आमेन होऊन गेलं. पर खरं सांगू? आजची उपासना तू लई चांगली चालवली."