व्यवसाय: शेती व समाजसेवा

अमरावतीला मी एका नोटरी वकिलांकडे टायपिंग करते. निवडणूक लागली की शपथपत्रं करून घ्यायला उमेदवारांची झुंबड उडते. नाव, वय, गुन्हे, मालमत्ता आणि त्यातच एक रकाना: व्यवसाय. हा रकाना मी कित्येक वर्षं डोळे मिटून भरला. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत माझी बोटं ‘शेती व समाजसेवा’ टाइप करून मोकळी होत.

एकदा एका मंडपवाल्यानं मला अडवलं. ‘शेती कायले लिहिता? मी मंडप टाकतो, तेच लिहा,’ म्हणाला. तेव्हापासून मला खोडच लागली. अर्ज भरताना मी विचारायला लागले, काय काम करता, किती वर्षं केलं, का सोडलं. धारणीकडचा एक जण जीप चालवायचा. तिकडच्या कोणत्या गावाला पावसाळ्यात जाता येत नाही, हे त्यानं मला घडाघडा सांगितलं. एक निवृत्त मास्तर माझ्याच टायपिंगमधले स्वल्पविराम तपासत बसले. आणि बरेच जण नुसते हसले. शेती म्हणजे सातबाऱ्यावर नाव, बाकी आयुष्य गाडीत.

मला प्रश्न पडायचा की शिपायाच्या नोकरीला अनुभवाचा दाखला मागतात, मग यांना का मागू नये? नवरा मला चिडवायचा, ‘मंडपवाला आमदार झाला तर विधानसभेत काय मंडप टाकेल काय?’ मी त्याला म्हणायची, टाकणार नाही, पण वारा सुटला की काय काय उडतं ते त्याला ठाऊक असेल. असे आमचे वाद जेवण थंड होईपर्यंत चालायचे.

एक उमेदवार मात्र माझ्या लक्षात राहिला. मोर्शीकडचा. वडील राजकारणात, काका राजकारणात, हा कॉलेजपासून त्यातच. सगळे त्याला भाऊ म्हणत. मी त्यालाही विचारलं, यापूर्वी काय काम केलं? तो रागावला नाही. ‘ताई, लोकाईच्या मयतीले जातो, लग्नाले जातो, कोणाचा फोन आला तर उचलतो. हे काम नाही काय?’ म्हणाला. मला हसू आलं, आणि मी नेहमीचेच तीन शब्द टाइप केले. तो निवडून आला.

माझी मोठी जाऊबाई मोर्शीजवळ राहते. तिची संत्र्याची बाग आहे. भासऱ्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला आणि बाग जाऊबाईच्या अंगावर पडली. गावात दबक्या आवाजात म्हणत, बाईमाणसाला बहार धरता येणार नाही, झाडं वेळेवर फुलावर आणता येणार नाहीत. जाऊबाईच्या कानावर ते येतच होतं. त्या वर्षीचा आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरचा, बहार तिनं एकटीच्या अंदाजानं धरायचं ठरवलं होतं, आणि तो चुकला असता तर पुढल्या वर्षी बाग कोणातरी पुरुषाच्या हाती गेली असती. हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं.

डिसेंबरात भासऱ्यांना तपासणीसाठी दोन दिवस अमरावतीला ठेवायचं होतं. जाऊबाई त्यांच्यासोबत गेली, म्हणून मी रजा काढून तिचं घर सांभाळायला गेले. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे सुई कुठे अडकते ते मला कळतं. संत्रं मात्र मी ठेल्यावरचंच पाहिलेलं. बागेत गेले तर पानं मलूल, वळून गेलेली, जमीन भेगाळलेली. माझा जीव गलबलला. नवऱ्याच्या आजारपणात बिचारीला पाणी द्यायलाही सवड मिळाली नाही, असं मी मनाशी धरून बसले.

त्याच दिवशी भाऊची गाडी रस्त्यानं चालली होती. मला ओळखून थांबला. बागेकडे पाहत त्यानं विचारलं, ‘ताई, पाणी पाह्यजे काय?’ मी म्हटलं, हो, फार गरज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचे टँकर आले. रस्त्याकडच्या झाडांना पाणी मीच उभी राहून सोडायला लावलं. फोटोही काढला. आत टँकर जाईना म्हणून मला वाईट वाटलं.

संध्याकाळी जाऊबाई परतली. ओल्या आळ्याशी बसली आणि मातीचा गोळा हातात दाबला. मग तिनं सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. झाडांना मुद्दाम उपाशी ठेवतात. त्याला ताण देणं म्हणतात. काळ्या जमिनीत ताण चांगला दीड-दोन महिने लागतो, पानं सुकून वळली की झाड फुलावर येतं. मध्येच पाणी मिळालं की झाड फूल विसरतं आणि नुसता पाला काढतं. तिचे तीन आठवडे झाले होते. ‘पाणी कोनं देल्लं?’ तिनं विचारलं. ‘भाऊनं टँकर पाठवले,’ मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. मला माझीच किळस आली, तरी मी पुढे बोलले नाही.

फेब्रुवारीत मी पुन्हा गेले. आतली बाग पांढरी झाली होती, वास घरापर्यंत येत होता. जाऊबाईचा अंदाज बरोबर निघाला होता. पण रस्त्याकडची झाडं हिरवीगार आणि वांझोटी उभी होती, आणि गावानं पाहिली ती तीच. येणारा-जाणारा विचारून जाई, काय वहिनी, बहार हुकला काय?

आम्ही दोघी धुऱ्यावर, बागेच्या बांधावर, उभ्या असताना भाऊची गाडी आली. काच खाली करून तो कौतुकानं म्हणाला, बघा, पाणी मिळाल्यावर झाडं कशी हिरवी झाली. जाऊबाईनं त्याला खाली उतरवलं. आधी आत नेऊन फुलं दाखवली, मग बाहेर आणून पाला दाखवला. आवाज चढवला नाही. ‘कागदावर शेती लिहिता ना भाऊ तुमी? मंग ताणावरची बाग नाही ओळखू येत?’

त्याचा चेहरा उतरला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. यांनाच विचारलं होतं, एवढं म्हणाला असता तर सुटला असता. तो तसं म्हणाला नाही. ‘चुकलं वहिनी,’ म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. हा चांगुलपणा होता की लोकांचा राग अंगावर घ्यायची सवय, मला अजून उलगडलेलं नाही. दुसरं कुठलं काम त्याला येत नसेल, पण चूक अंगावर घ्यायचं हे काम मला येत नव्हतं, एवढं मात्र तिथेच कळलं.

तो गाडीकडे वळला तेव्हा मला राहवेना. मी जाऊबाईला सांगून टाकलं, त्यानं विचारलं होतं, मीच हो म्हणाले, टँकरही मीच रिकामे करून घेतले.

ती रागावेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि शांतपणे विचारलं, ‘त्याले मतं पाह्यजे होते, म्हणून तो घाईत होता. तुले काय पाह्यजे होतं? मले एक फोन काहून नाही केला?’