सुतकाच्या घरचे शेंगदाणे

माझ्या थोरल्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आईनं महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरल्या. दोन वर्षं मी त्याला डायलिसिसला धाराशिवला नेत होतो आणि ती घरी उपास करत होती. तरी तो गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, "म्या माझ्याकडनं काई कमी केलं न्हाय." त्या एका वाक्याच्या आधारानं ती उभी होती. हे ठाऊक असूनही मी तोंड उघडलं, याचा मला आजही राग येतो.

मी तेरच्या शाळेत इतिहास शिकवतो. अमेरिकेतल्या वसाहतींचा धडा होता. नुसत्या नकाशाला पोरं पेंगतात, म्हणून तिकडून जहाजांवर आलेले जिन्नस वर्गात मांडायचं ठरवलं. एकादशीच्या सकाळी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. आई शेंगदाणे भाजत होती. मी मिरच्या, बटाटे, रताळी उचलली, मूठभर साबुदाणाही घेतला.

"उपासाचं समदं कुठं न्हेतूस?"

झालं! मास्तरकी घरातच सुरू. "आई, तुझा उपास सगळा अमेरिकेचा. हे शेंगदाणे, बटाटे, मिरची, साबुदाण्याचा कंदसुद्धा. पोर्तुगीजांनी इकडं आणलं."

"चांगली मान्सं म्हनायची तिकडची. दिलं त्यांनी."

"दिलं कुठलं? गोऱ्यांनी घेतलं. तिकडं जाताना देवीची साथ नेली, तलवारी नेल्या. गावंच्या गावं मेली. रडायलाही कुणी उरलं नाही." हे शेवटचं वाक्य मी वर्गासाठी घोकून ठेवलं होतं.

तिचा हात थांबला. आमच्याकडं सुतक फिटेपर्यंत त्या घरचं कुणी खात नाही, उपासाला तर नाहीच.

"मंग त्यांचं सुतक कुनी फेडलं?"

मी हसलो. "कोण फेडणार? चारशे-पाचशे वर्षं झाली आई."

"फेडल्याबिगर फिटतं व्हय?"

कढईत दाणे करपायला लागले. ती हलेना, म्हणून मीच गॅस बंद केला.

"म्हंजे दोन वर्सं म्या सुतकाच्या घरचं खाऊन देवाला हात जोडले."

माझं सगळं शहाणपण तिथंच गळालं. घाईघाईनं म्हणालो, "पुस्तकात काहीही लिहितात गं."

"मंग लेकरांना खोटं शिकवतूस व्हय?"

मी पिशवी घेऊन शाळेत गेलो. पोरांना तास फार आवडला.

त्या दिवसापासून आईनं दहा दिवस सुतक धरलं, कधी न पाहिलेल्या त्या माणसांचं. देवाला हात लावला नाही. अकराव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, घर सारवल्यासारखं पुसून काढलं. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परवा मावशी आली होती. भावाचा विषय निघाला. मावशी आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अक्का, तू काई कमी केलं न्हाईस."

"केलं," आई म्हणाली.