वरमाईचा उजवा कान

आधीच सांगून टाकते, मला नाचता येतं. लहानपणी गौरीच्या फेरात मी पुढं असायची. पुढे मास्तरीण झाले तेव्हा शाळेचं गॅदरिंग दरवर्षी मीच बसवायची, बाहेरून कुणी शिकवायला येत नव्हतं. तेव्हा मुलाच्या हळदीत नाचले याची मला लाज नाही. लाज आहे ती कशाच्या पुढ्यात नाचले याची, आणि नंतर जे वागले त्याची.

आमचं गाव कर्जत–चौक रस्त्याला. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. नवरदेवाच्या दारात टेंपो लागतो, टेंपोवर भिंतीएवढे स्पीकर, आणि मग घराचे पत्रे थरथरतात, गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला बघतात. हे बंद व्हावं म्हणून ग्रामसभेत उभं राहून बोलणारी कोण? मीच. "हळद लावायची असते, कान फोडायचे नसतात," असं मी भर सभेत म्हणाले होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी ठराव केला. त्यानंतर गावात हळदीला नुसता बेंजो वाजायला लागला. एका घरी डीजे आला तेव्हा मी स्वतः जाऊन, नवरदेवाच्या बापाशी कडाकडा भांडून, तो परत पाठवला होता. बिचाऱ्याचं तोंड अजून आठवतं.

मग माझ्या मुलाची हळद आली.

"आई, एकुलता एक हाय मी," तो म्हणाला. "कंपनीतली सगळी पोरं येनार. बेंजोवर नाचायचं का आमी?"

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. मग तो जेवेना, तेव्हा म्हटलं, "तासभर. आणि आवाज बारीक." डीजेवाल्यानं मान डोलावली, तीसुद्धा ठेक्यात.

संध्याकाळी पोरींनी मला अंगणात ओढलं. तोंडाला हळद, अंगावर नवी पैठणी, पोटचा पोरगा समोर खिदळतोय. मी नाचले. दम लागला तेव्हा उजवा खांदा त्या स्पीकरलाच टेकवला आणि तिथं उभ्या उभ्या हात उडवत राहिले. छातीत धडधडत होतं, ते मला आनंदाचं वाटलं. तासभर कधीच उलटून गेला होता, पण ते बघायचं कुणी? मीच तर बघणार होते. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं आणि सकाळी उठायच्या आत ते गावाच्या ग्रुपवर फिरत होतं.

सकाळी उजव्या कानात बोळा कोंबल्यासारखं झालं होतं आणि आत शिट्टी वाजत होती. कुकरची शिट्टी होते आणि थांबते. ही थांबलीच नाही. आत्ता हे लिहितानाही वाजतेय. दुपारी लग्नात मंगलाष्टकं मी पिंपात बसून ऐकावी तशी ऐकली. अक्षता केव्हा टाकायच्या ते कळेना, म्हणून लोकांच्या हातांकडे बघून टाकल्या.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा होता. पण जाऊबाईंनी मांडवातच मला धरलं. माझी थोरली जाऊ, शेजारीच घर, जीभ अशी की सुपारी कातरावी. "गावाला शानपन शिकवीत व्हतीस ना गं? कुटं गेला तुजा ठराव?" आजूबाजूच्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवलेलं. आता या बायकांपुढं कान फुटला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

चार दिवसांनी कानात करंगळी घालताना मला जाऊबाईंनीच पकडलं. "काय झालं गं कानाला?"

"न्हाताना पाणी गेलं."

झालं. लसूण घालून कढवलेलं तेल आलं. कांद्याचा रस आला. खोटं एकदाच बोलावं लागतं, पण तेल रोज घालून घ्यावं लागतं. मी मान कलती करून निमूट पडून राहायची आणि जाऊबाई वरून म्हणायच्या, "आता नीट हो गं बाई." त्या जीव लावून करत होत्या, म्हणून तर जास्त मेल्यासारखं व्हायचं.

लग्नसराई सरल्यावर एकदाची कर्जतला कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं तपासणी केली आणि विचारलं, "मोठ्या आवाजात होता का कुठे?" मी नाही म्हटलं. डॉक्टरशीही खोटं! त्यानं तपासणीचा कागद पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, "लगेच येतात त्यांच्यात कधीकधी सुधारणा होते, बाई. आता उशीर झालाय. मशीन लावा. शिट्टीची हळूहळू सवय होईल." मशीन लावलं की अख्खा गाव विचारणार. विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले.

मग मी युक्त्या शिकले. बचत गटाच्या बैठकीत उजवी बाजू भिंतीला लावून बसायचं. समोरचा हसला की हसायचं, थांबला की "बरं बरं" म्हणायचं. झोपताना पंखा मोठा ठेवायचा, म्हणजे त्या घरघरीत शिट्टी बुडते. नवऱ्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "तुला माझं कधी ऐकू आलंय?" इतक्या वर्षांच्या संसारात त्याला फरकच जाणवला नाही, हे बरं म्हणावं की काय म्हणावं!

एक विचित्रपणा मात्र लपेना. माणूस हळू बोललेलं ऐकू यायचं नाही, पण भांडं वाजलं की कानात सुरी घातल्यासारखी कळ जायची. ताट ठेवलं, झाकण पडलं की मी ओरडायची, "हळू गं!"

आणि हे सगळं ऐकायला घरात नवी सून.

सून मी निवडून आणली होती. लोधिवलीची पोरगी. तिच्याआधी एक पाहिली होती, तिचं हसू रस्त्यापलीकडं ऐकू गेलं म्हणून मी नको म्हटलं. ही चहा घेऊन आली तेव्हा इतकं हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "पोरगी अशी पाहिजे. आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही." तो आवाज आता माझ्या कानापर्यंतही येत नव्हता. ती मागून येऊन काही विचारायची, उत्तर नाही. उजवीकडून बोलायची, उत्तर नाही. एवढंच ऐकायची: "हळू गं!" हळूहळू ती बोलायची कमी झाली. मला वाटलं, रुळली.

एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते. ती उजवीकडं दाराशी येऊन उभी राहिली, डोळ्याच्या कोपऱ्यातून साडीचा काठ दिसला. वाटलं, भाकरी कशी फिरवायची ते बघतेय. मी भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, फुगली म्हणून खूश झाले. वळून बघते तर ती नव्हती. दुपारी तिचे डोळे लाल दिसले. कांदे चिरले असतील म्हटलं.

पुढं आखाड लागला. नव्या सुनेनं आखाडात माहेरी जायचं, ही रीतच. भाऊ मोटारसायकलवर न्यायला आला. निघताना ती पाया पडली आणि वाकल्या वाकल्या काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "बरं बरं."

आखाड गेला, श्रावण निम्मा झाला, सून येईना. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. तेही मला कळलं नव्हतं, वाटत होतं माझ्याच कानाला कमी येतंय. जाऊबाई मात्र विचारायला लागल्या. पहिल्या वर्षीच्या गौरीला नवी सून सुपं भरून ओवसते, म्हणजे गौरीला ओवाळते, ते बघायला सगळी आळी जमते. "सून नाय तर सुपं कोन ओवसनार गं?"

मुलगा कंपनीत जायला बूट घालत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. "कधी आणतोस तिला?"

"ती नाय यायची."

"का रं?"

"तू इचारतेस?" त्यानं मान वर केली. "तिनं एवडी गोष्ट तुला सांगितली. सगळ्यांच्या आधी, तुला. तू मान पन वळवली नाय. आईला मी नको हाय, म्हनते. मी काय सांगू तिला?"

"कसली गोष्ट?"

"नाटक नको करू आई." आणि तो गेला. गाडीचा आवाज मला डाव्या कानानं नीट ऐकू आला.

मी तिथंच ओट्याच्या पायरीवर बसले. तो साडीचा काठ डोळ्यापुढं आला. काय म्हणाली असेल? वेगळं राहायचं म्हणाली असेल? नोकरी करते म्हणाली असेल? मनाला एकही चांगली गोष्ट सुचेना. पोरीनं बोलून दाखवलं आणि मी भाकरी फुगली म्हणून खूश होत होते, एवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. जीव नकोसा झाला. माझी अब्रू झाकायला मी दुसऱ्याच्या लेकीला मुकी केली होती.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, मी एकटीच जाते. चौकला एसटीतून उतरले, तिथून रिक्षा. जुन्या हायवेला ट्रकच्या हॉर्ननं कानात कळा निघत होत्या. पिशवीत नारळ आणि खण होता.

ओटीवर व्याही पेपर वाचत बसले होते. अबोल माणूस, मान हलवून "या" म्हणाले. आत विहीणबाईंनी चटई टाकली आणि नेमक्या माझ्या उजवीकडं बसल्या. त्या बोलत होत्या, मी हसत होते. "बरं बरं" म्हणाले आणि विहीणबाईंचा चेहरा उतरला. कशाला बरं म्हणाले मी? देव जाणे. तेव्हा लक्षात आलं, ज्यासाठी आले तेच पुन्हा करतेय.

"विहीणबाई," मी म्हटलं, "या अंगाला बसा. त्या कानानं मला ऐकू येत नाही."

त्या उठल्या, दचकून दुसरीकडं बसल्या. "अगं बाई! कदीपासून? पानीबिनी गेलं काय?"

बघा, खोटं कसं आयतं ताटात वाढून येतं. नुसती मान हलवली असती तर काम भागलं असतं. स्वयंपाकघराच्या दारात सून येऊन उभी राहिली होती, अंगानं जरा सुकलेली, नजर खाली.

"पाणी नाही," मी म्हटलं. "नाचून गेला. हळदीत, त्या डीजेच्या स्पीकरला टेकून. गावभर डीजे बंद करत फिरले आणि माझ्याच दारात माझाच कान फोडून घेतला. लाजेनं कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, पोराला नाही. ही काय काय बोलली असेल, मला काहीच कळलेलं नाही." तोंड तापलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना ओणवं उभं केलं, आज मीच उभी होते.

विहीणबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आमी पाह्यलाय तो व्हिडिओ. सगळ्या लोधिवलीनं पाह्यलाय." मग हसू दाबत, "बरं नाचता हो तुमी."

सून मात्र हसली नाही. ती पुढं आली, माझ्यासमोर बसली. ओठ हलताना दिसत होते म्हणून कळलं. "जाताना मी इचारलं, आई, माझं काय चुकलं का? तुमी बरं बरं म्हनलात."

माझ्या हातातून पिशवी सुटली, नारळ चटईवर घरंगळला. मी तिचे दोन्ही हात धरले. "नाही गं माझे बाय. काही नाही चुकलं. आणि त्या दिवशी, मी भाकऱ्या करत होते तेव्हा, काय म्हणालीस?"

तिनं आईकडं बघितलं. विहीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरून गोड शब्द आला नाय, म्हनून आमी पन गप. तिच्या बापाला सुदीक बोललेलो नाय."

मी डावा कान तिच्यापुढं केला. "सांग. मोठ्यानं सांग."

आणि आवाज उंबऱ्याबाहेर जात नाही म्हणून निवडून आणलेली माझी सून, डोळे मिटून, जीव खाऊन ओरडली, "आई, मला दिवस गेलेत!"

ओटीवर व्याह्यांच्या हातातला पेपर खाली आला. रस्त्यापलीकडच्या दुकानात गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. माझ्या कानात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं, आणि सवयीनं शब्द पार जिभेवर आला होता, "हळू गं."

गिळला.