आबा खिडकीखाली उभे राहीनात

गाडी घेतली की डिझेल भरावं लागतं, हवा भरावी लागते. किस्से मात्र न भरताच साचतात! आमच्या भाच्याच्या, बाळूच्या, फूडट्रकवर मी ड्रायव्हर झालो त्याला फार काळ झाला नाही, पण सांगायला बसलो तर तुमचा चहा गार होईल. माझी शाळा सातवीपर्यंत. तीही मास्तरांना माझा कंटाळा येईपर्यंत. त्यामुळं जसं घडलं तसंच सांगतो, शोभून दिसेल तसं नाही.

जुळे सोलापुरात संध्याकाळी आमची गाडी लागते. आत तिघं. गल्ल्यावर बाळू, तव्यावर दुधनीची शांताक्का, आणि कामापेक्षा तोंड जास्त चालवणारा मी. मला सगळे नाना म्हणतात. शांताक्का घरी कानडी बोलणारी. खिडकीशी कुणी आलं की तिचा पहिला सवाल, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? अहो, जेवण झालं असतं तर माणूस आमच्या खिडकीशी कशाला मरायला आला असता? पण हे तिला सांगायची कुणाची टाप नाही. तिच्या हातात उलथनं असतं!

*

प्रणाली आमची रोजची गिऱ्हाईक. बँकेत नोकरी, येता-जाता एक धपाटं दह्याबरोबर. एके दिवशी वडलांना घेऊन आली. ते रिटायर गुरुजी. म्हणाली, "बाळूदादा, माझ्या लग्नाचं जेवण तुमच्या गाडीचं."

बाळूच्या हातातली चिल्लर खाली पडली. त्यानं तोवर कुणाचा वाढदिवससुद्धा केला नव्हता!

गुरुजींनी उत्तरपत्रिका तपासावी तशी गाडी चहूबाजूंनी तपासली. "पंगत कुठं बसणार?"

"पंगत नाही बाबा, लाईन."

"वऱ्हाड गावाकडचं, करकंबचं आहे," गुरुजी म्हणाले. वादळ कुठल्या दिशेनं येतंय ते सांगावं, तसा आवाज.

मग प्रणाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाना, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला वडील नाहीत. चुलत्यांनी वाढवलंय, आबांनी. त्या घरात आबांचा शब्द शेवटचा. ते आधीच म्हणालेत, ट्रकात ऊस भरत्यात, वऱ्हाड न्हाय. पण मीच हट्ट धरलाय. आता एक माणूस जरी उपाशी गेला ना, तर जन्मभर ऐकत बसावं लागेल मला."

"पोरी, उपाशी कुणी जात नाही. गेलाच तर अजीर्णानं जाईल!"

ती हसली नाही. माझ्या जोकवर न हसणारं माणूस म्हणजे प्रकरण सीरियस.

*

लग्नाआधी आबा चव बघायला आले. धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा, बरोबर नवरदेव. आमची खिडकी उंच. आबांनी मान वर केली तेव्हा वरून शांताक्का डोकावली, "ऊटा आयता?" आणि ताट खाली धरलं.

आबांनी ताटाकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.

"चव मागनं बगू. बसायचं कुटं?"

"ड्रायव्हरशेजारी एक सीट हाय की!" मी म्हणालो. बाळूनं असा चिमटा काढला की तिथं अजून काळं आहे.

आबा एक घास न खाता गेले. दुसऱ्या दिवशी नवरदेव पडेल तोंडानं आला. "नाना, आबा म्हणाले, चव बघितली न्हाय, म्हणून नावं ठेवत न्हाय."

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं? लग्नात बघणार आहेत!"

*

लग्नाच्या दिवशी लॉनच्या दारात फुलांची कमान. बाळू ओरडत होता, "मामा, हळू! मामा, उंची!" जन्मभर टेम्पो चालवलेल्या माणसाला कोण उंची शिकवतो? मी गाडी आत घातली. गाडी गेली आत. कमानही गेली आत, आमच्या टपावर बसून!

बँडवाले दारातच नवरदेवाची वाट बघत होते. त्यांना फुलांनी मढलेली गाडी दिसली. झालं! दणक्यात बँड सुरू. ते पुढं, आम्ही मागं. थांबावं तर कुठं? नवरीची आई औक्षणाचं तबक घेऊन धावत आली, पदर सावरला, आणि तेवढ्यात खिडकी उघडून शांताक्कानं उलथन्यासकट डोकं बाहेर काढलं.

बँड बंद. सगळे गार.

शांताक्का म्हणाली, "थांबलाव का? ओवाळा की! माझ्या लग्नात ऱ्हायलंच होतं!"

लोक हसले. पण गुरुजी हसले नाहीत, कारण आमच्या मागंच खऱ्या नवरदेवाची गाडी येऊन थांबली होती आणि पुढच्या सीटवर आबा बसले होते. तबक एवढंसं लवंडलं होतं. आबांनी ते बघितलं आणि काच वर केली.

*

अक्षता पडल्या. जुळे सोलापूरकर टोकन घेऊन, मोबाईलमध्ये तोंड खुपसून लाईनीत लागले. करकंबचं वऱ्हाड मात्र खुर्च्यांवर बसून. त्यांची रीत अशी की आबा उठले तर उठायचं, नाहीतर नाही. आणि आबा उठेनात!

खिडकीत धपाट्यांची चळत चढत चालली. शेंगापोळ्या गार व्हायला लागल्या. एका पोरानं भोकाड पसरलं, "आये, भूक!" आईनं त्याचं तोंड दाबलं, "गप. आबा उटू देत."

गुरुजी हात जोडून उभे. बाळू झाकलेलं ताट घेऊन गेला, तर आबा म्हणाले, "माजी मानसं ततं ताटकळत्यात आन म्या एकट्यानं हितं खाऊ व्हय रं? वाडपी कुटं हाय? पाव्हण्यानं खिडकीखाली हात पसरायचा, ही कुटली रीत?"

बाळू ताट घेऊन तसाच परत. तोंड धपाट्याच्या पिठासारखं.

मी स्टेजकडं बघितलं. फोटोग्राफर म्हणत होता, "मॅडम, स्माईल." प्रणाली त्याच्या डोक्यावरून त्या भरलेल्या खुर्च्यांकडं बघत होती. शालूचा काठ मुठीत आवळलेला.

मला तेवढ्यात एक झकास जोक सुचला होता. गिळला! उभ्या जन्मात पहिल्यांदा.

*

मी गेलो आणि आबांच्या खुर्चीशेजारी खाली मांडी घालून बसलो.

"आबा, तुमच्याकडं पंगतीत बुंदी कोण वाढतं?"

"घरचा कर्ता. म्याच."

"नको म्हणणाऱ्याला?"

"दोनदा."

"आन तुमी कधी जेवता?"

"समदी जेवल्यावर. वाडणाऱ्यानं शेवटीच जेवायचं."

"मग तुमी खिडकीखाली उभं राहायचंच कशाला, आबा? कर्त्याची जागा खिडकीच्या आत. आमच्या गाडीत कर्ताच नाही, तिथंच तर घोळ झालाय. हा बाळू, ह्याला आग्रह करता येत नाही. टोकन मागतो मेला!"

आबांची मिशी हलली. "टोकन?"

"टोकन!"

"लग्नात?"

"लग्नात!"

आबा उठले. मागं सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. त्यांनी गाडीच्या मागल्या दारातून पाय आत टाकला, धोतरावर ॲप्रन बांधला आणि पहिलं काम केलं ते टोकनचा डबा खिडकीबाहेर भिरकावायचं!

*

सुटलो म्हणता? छे! आता लाईन पुढं सरकेना. आबा एकेकाची चौकशी करत बसले. "तुजी म्हस व्याली का रं?" "थोरलीचं जमलं का कुटं?" एक चश्मेवाले साहेब म्हणाले, "मला हाफच द्या, डाएट आहे." आबा कळवळून म्हणाले, "आरारा! कवापासनं आजारी हायसा?" आणि दोन धपाटी जास्त टाकली.

लाईन पार कमानीपर्यंत. म्हणजे जिथं कमान होती तिथपर्यंत! गुरुजी घाम पुसतायत. आबांना घाई करायची कुणाची छाती?

शांताक्कानं उलथनं तव्यावर आपटलं. "ओ पाव्हणं! तोंड मागनं, हात आदी!"

नवरदेव स्टेजवर उभाच राहिला. आबांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. आबांनी वळून तिच्याकडं बघितलं. मग उलथन्याकडं बघितलं.

"व्हय अक्का," म्हणाले, आणि हात असे चालायला लागले की काय सांगू! शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला तिच्याच सुरात, "ऊटा आयता?" करकंबची माणसं बावचळून एकमेकांकडं बघायची आणि ताट पुढं करायची.

*

उन्हं कलली. मांडव रिकामा झाला. पाठवणीची गाडी सजून उभी. आईच्या गळ्यात पडून झालं, रडून झालं, नवरी-नवरा गाडीत बसले. आणि पुढची सीट रिकामी!

"आबा कुठंयत?"

आबा मांडवात नाहीत, खोलीत नाहीत. कुणीतरी कुजबुजलं, "रुसले." तेच दारापर्यंत पोचेस्तोवर झालं, "न जेवता गेले!" गुरुजी मटकन खुर्चीत बसले. मी गाडीच्या काचेतून पोरीचं तोंड बघितलं. रडून लाल झालेलं होतं, ते एकदम पांढरं पडलं.

आम्ही सगळे पळत फूडट्रकच्या मागं गेलो, तिथून वळसा घालून खिडकीकडं आलो, आणि जागच्या जागी थांबलो.

आबा आत, तव्याशी. धपाटं थापतायत. कसलं धपाटं, कर्नाटकाचा नकाशा! आणि खिडकीखाली, मान वर करून, पदराला हात पुसत शांताक्का उभी. ती गाडीवर आल्यापासून तिला त्या बाजूला उभं राहिलेलं आम्ही कधीच बघितलं नव्हतं.

नवरदेव धापा टाकत म्हणाला, "आबा, गाडी खोळंबलीया! समदी वाट बघत्यात!"

"बगू देत," आबा म्हणाले. "अजून एक मानूस उपाशी हाय."

शांताक्कानं ताट घेतलं.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. प्रणाली गाडीतून उतरून आली होती. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. शालू सावरत ती शांताक्काच्या मागं लाईनीत उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

आबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. तिच्या हाताकडं बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू न्हाय ततं. तू आत ये."