हळद लावलेला मुडदा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. मी पळून जाऊन लग्न केलं नव्हतं. मी मेले होते. गावाला माझं लग्न लगेच खरं वाटलं, मरण वाटलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मी पिंपळगाव राजाची. रोज एस्टीने खामगावला कॉलेजात जायचे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात आम्ही तीनच मुली. एका वर्गमित्राच्या मामाने परदेशातून हातात मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा आणला होता आणि सोबत एकच रीळ, तीन मिनिटांचं. या वर्गमित्राने नागपूरला कुठलासा इंग्रजी पिक्चर पाहिला होता. त्यात मेलेली माणसं उठून चालायला लागतात. तेव्हापासून चालत्या मुडद्यांनी त्याला झपाटलं होतं. तीन मिनिटांत अख्खा सिनेमा बसणार नव्हता, म्हणून नुसती सुरुवात करायची ठरली. मुडदे उठतात, चालू लागतात, संपलं.

अडचण अशी की आमच्याकडे माणसाला जाळतात. राखेतून उठणार कोण? यावर तीन दिवस खल झाला आणि तोड मी काढली. फेब्रुवारी संपत आला होता, कापूस घरात आला होता आणि त्या कॅमेरेवाल्या वर्गमित्राच्या शेतात कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग पडले होते. मुडदे त्या वाळल्या पऱ्हाट्यांखालून उठतील, म्हटलं. सगळ्यांनी मान डोलावली. पण बाईचा मुडदा त्यांच्यातलाच एक जण लुगडं नेसून होणार होता, आणि तो आतापासूनच कंबर हलवून दाखवत होता. माझं डोकंच फिरलं. बायका मरत नाहीत का, आणि मेल्या तर काय लोकांना हसवायला मरतात, असं मी विचारलं. मीच होणार मुडदा, म्हटलं. मुलीने असलं अशुभ काम करू नये, हे मला चार दिवस ऐकवण्यात आलं. पाचव्या दिवशी मी आईचं जुनं लुगडं पिशवीत घालून गेले.

कॅमेऱ्याला ऊन हवं होतं, म्हणून मुडद्यांनी भर दुपारी उठायचं होतं. तोंडं पांढरी करायला ज्वारीचं पीठ आणलं होतं. घामाने त्याची कणीक झाली आणि पोरांच्या हनुवटीवरून ओघळायला लागली. कॅमेरेवाला म्हणाला, फिल्म काळीपांढरी आहे, तिच्यावर हळदही पांढरीच दिसेल. शेतातल्या खोपीत हळदीचा डबा होता. मी कपाळापासून गळ्यापर्यंत ओली हळद थापली आणि ढिगाखाली जाऊन पडले. वाळलेली बोंडं मानेला टोचत होती, पाठीखालून मुंग्या फिरत होत्या. हाक आल्यावर उठले आणि पापणी न हलवता थेट कॅमेऱ्यावर चालत गेले. कॅमेरेवाला दोन पावलं मागे सरकला. ते रीळ पुढे मुंबईहून धुऊन आलं, त्यात तेवढंच चित्र हललेलं आहे. मला ते फार आवडतं.

पोरांचं पीठ एका बादलीत निघालं. माझी हळद निघेना. विहिरीवर साबण संपवला तरी तोंड पिवळंधमक. तशीच एस्टीत बसले. शेजारच्या बाईने हळद कधी लागली म्हणून विचारलं, मी सिनेमाचं सांगितलं, तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी घरी पोचण्याआधी मी पळून जाऊन लग्न केल्याची बातमी पोचली होती.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी वडनेर भोलजीहून पाहुणे मला बघायला येणार होते. लग्नानंतरही मला परीक्षा देऊ द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, म्हणून तर मी या बघण्याला तयार झाले होते. आईने बेसन लावून माझा चेहरा सोलून काढला. कानामागचा पिवळा रंग काही गेला नाही. शेवटी तिने तोडगा काढला, खंडोबाचा भंडारा लागला म्हणून सांगायचं. बाबा मला एवढंच म्हणाले, ही सोयरीक मोडली तर कॉलेज बंद.

म्हणजे गप्प बसले तर कॉलेज राहत होतं. हे मला नीट कळत होतं.

पाहुण्यांना पोहे दिले. मुलाच्या आत्याने माझी हनुवटी उचलली, उजेडाकडे वळवली आणि हे काय म्हणून विचारलं. आई भंडाऱ्याचं बोलली. आत्याने मला पुन्हा विचारलं. मुंग्या चावून घेऊन मी मेले होते, आणि त्याचं श्रेय खंडोबाला द्यायचं माझ्या जिवावर आलं.

"भंडारा नाई," मी म्हणाले. "कॉलेजात सिनेमा काढला. त्यात मी मुडदा झाली होती."

आत्याने हात काढून घेतला. मुलाचे वडील माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "मुडदा झाली म्हणते. कोणासंगं झाली, तेही विचारून घ्या."

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. पाहुणे उठले तेव्हा ते त्यांना दारापर्यंतही पोचवायला गेले नाहीत. रात्री ते जेवले नाहीत. आई रडत होती. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. खरं सांगितलं ही काय चूक झाली?

सकाळी मी वह्या घेऊन बाहेर आले. अडवलं तर काय बोलायचं ते ठरवून आले होते. बाबा ओसरीवर धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. ते उठले आणि माझ्या पुढे चालू लागले. मागच्या बोळाने लवकर जाता आलं असतं, पण ते बाजारातून, माणसांमधून निघाले. नापास झालीस तर बघ, एवढंच वाटेत म्हणाले.

स्टँडवर चहावाल्याने माझ्या पिवळ्या मानेकडे बघत त्यांना टोकलं, पोरगी उजवली आणि आम्हाला बोलावलं नाही म्हणून. पाच-पंचवीस माणसं होती. बाबा घरातही हळू बोलणारे, पण तेव्हा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलले.

"लगन नाई केलं तिनं. सिनेमात मेली होती. आता कॉलेजात चालली."