भगीरथ पाटलांचा जबाब

भगीरथ हे धसईजवळच्या एका गावचे पोलीस पाटील. सतरा वर्षांत आपल्यावर एकही ठपका नाही, हे कुणी विचारले नाही तरी ते सांगत. गांजाचे नाव निघाले की थुंकत. महाशिवरात्रीला देवळामागे भांग घोटली जाई, तेव्हा पहिला पेला मात्र त्यांचाच. तो काय, प्रसाद!

मग त्यांच्या बायकोला, ठकीला, पोटाचा कॅन्सर निघाला. मुंबईला केमोची सलाइन लावून आणली की आठ-आठ दिवस उलट्या. पेजेचा घोटही टिकेना. तिथला तरुण डॉक्टर हळूच म्हणाला, बाहेरच्या देशांत या उलट्यांवर गांजापासून केलेले औषध देतात, काहींना गुण येतो, पण मला लिहून देता येणार नाही. मुरबाडच्या डॉक्टरांनी पाटलांनाच झापले, बायकोला वेड लावायचे आहे का म्हणून. शहापूरच्या वैद्यांनी विजयाच्या, म्हणजे भांगेच्याच, गोळ्यांची रीतसर चिठ्ठी दिली. ती घेऊन पाटील चार दुकाने हिंडले. चौथ्या दुकानदाराने त्यांच्याकडे असे काही पाहिले की पाचव्यात जायची त्यांची छाती झाली नाही. तीन शिकलेली माणसे, तिघांच्या तीन तऱ्हा, आणि ठकी आपली उपाशीच.

शेवटी डोंगरावरच्या ठाकूरवाडीतून नामा आला. गुरांचे पोट बिघडले की पाटील त्यालाच बोलवत. नाचणीच्या कडेला त्याने गांजाचे एक झाड राखले होते. त्याच्या पाल्याची बोराएवढी गोळी तो ठकीला देऊ लागला. तिसऱ्या दिवशी ती अर्धी भाकरी जेवली. पाटील चुलीपाशी जाऊन रडले. पुढे दोन महिने नामा येत राहिला, अंधार पडल्यावर, कुणाच्या नजरेला न पडता. तसे यायला पाटलांनीच बजावले होते.

भाद्रपदात नशामुक्तीची मोहीम निघाली. कुणीतरी चुगली केली आणि पोलिसांनी नामाचे झाड उपटले. गावचे पोलीस पाटील म्हणून भगीरथांना जबाबाला बोलावले. नामा तिथेच उकिडवा बसला होता. पाला कुणाला देतोस, असे साहेबांनी त्याला दोनदा विचारले. तो जमिनीकडे बघत राहिला, पाटलांचे नाव काही त्याने घेतले नाही. मग साहेब पाटलांकडे वळले. पाटलांनी सरळ कानांवर हात ठेवले. या झाडाविषयी आपणास काहीही माहिती नव्हती, असे त्यांनी लिहून दिले आणि खाली सही केली. साहेबांनी चहा मागवला. तोही ते प्यायले. नामाला घेऊन गाडी मुरबाडला गेली.

घरी आले तेव्हा नामाची बायको तानी ठकीपाशी रडून नुकतीच गेली होती. ठकीपुढे पेजेचे ताट तसेच होते.

"तुमी सांगितलाव नाय, माझ्यासाठी देत होता म्हणून?"

"पाटीलकी गेली असती," पाटील म्हणाले.

ठकीने ताट त्यांच्याकडे सरकवले.

"ऱ्हायली ना पाटीलकी? मंग आता तिलाच भरवा."

दिवाळीच्या आधी ती गेली. तोवर शेजारणीने तोंडात घातलेले पाणी तिने घेतले, पाटलांच्या हातचे नाही.