मेजरची सहल

"बसा की. कुठं जाताय?"

एवढं म्हणून मेजर तुमच्या खांद्यावर हात ठेवायचे. दाबायचे नाहीत, नुसता ठेवायचे. पण तो हात उचलला जाईपर्यंत कुणी उठत नसे. चहा पिऊन निघालेला माणूस पुन्हा खुर्चीत बसायचा, आणि आपण का बसलो हे त्याला घरी गेल्यावरही सांगता यायचं नाही. तुमच्या तालुक्यातही असा एखादा असेल. मग मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

खरं तर ते मेजर नव्हते, हवालदार होते. पण आमच्या वडूजच्या बाजूला फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. यांच्या बाबतीत मात्र लोक तो शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारायचे. लढाईत ते सरहद्दीपलीकडं पकडले गेले होते आणि वर्षाहून अधिक काळ युद्धकैदी होते. सुटून आले तेव्हा गावानं त्यांना उघड्या ट्रकमधून मिरवत आणलं. माझ्या सासूबाईंनी त्यांना ओवाळलं होतं. त्या सांगायच्या, "एवढा गुलाल पडत हुता, पर त्यो माणूस हसंना का बोलंना. निसता गर्दीकडं बगत हुता, कोण कुठं हुबं हाय त्ये."

त्या ट्रकातून उतरले ते सरपंच झाले, आणि पुढं पंचायत समिती त्यांच्या मुठीत आली. तिथून ती कधी सुटली नाही.

मी त्यांना जवळून पाहिलं ते दुष्काळात. जनावरांची छावणी त्यांनी चालवली. स्वतः खाट टाकून तिथंच राहिले, आणि चाऱ्याची पेंढी इकडची तिकडं झाली नाही. धोंडीराम म्हणून एक मेंढपाळ आहे, माझ्या नवऱ्याचा दोस्त. तो आपली मेंढरं घेऊन आला. मेंढरं नियमात बसत नाहीत, असं तहसीलचे साहेब म्हणाले. मेजरनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. मेंढरं नियमात बसली. धोंडीरामचा कळप त्या वर्षी जगला तो एवढ्याच एका गोष्टीमुळं.

त्या भरवशावर मी त्यांच्या पॅनेलमधून पंचायत समितीला उभी राहिले आणि निवडून आले. धोंडीरामही आला. सभापती निवडायचा होता आणि आमची बाजू जेमतेम एका माणसानं पुढं होती. अशा वेळी सदस्यांना 'सहलीला' नेतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मेजरनी आम्हाला पाचगणीला नेलं. पहिला दिवस खरंच सहलीचा होता. स्ट्रॉबेरी खाल्ली, टेबललँडवर गेलो. मी जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसले आणि लगाम मेजरनी स्वतः धरला. संध्याकाळी बंगल्यावर परतलो, तर आमच्या मागं फाटकाला साखळी लागली. आधी सगळ्यांचे मोबाइल गोळा केले, मग चपला.

"चपला कशाला?" मी विचारलं.

"अनवाणी माणूस लांब जात न्हाई, ताई."

आवाजात राग नव्हता. पीठ किती वेळ भिजवायचं ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गिनती सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात रांगेनं उभं राहायचं, मेजर नाव घेतील, आपण ओ द्यायची. आम्हाला हसू आलं. एकानं मुद्दाम दुसऱ्याच्या नावाला ओ दिली. मेजर थांबले आणि शांतपणे पुन्हा पहिल्या नावापासून सुरू झाले. त्यानंतर कुणी हसलं नाही.

खायला-प्यायला काही कमी नव्हतं. कोंबडी असायची, मासे असायचे, तव्यावरची भाकरी असायची. कुणी शिंकलं तरी डॉक्टर यायचा. दुपारी सगळ्यांना अंगणात बसवायचे. "ऊन लागतं माणसाला," म्हणायचे. तिकडं त्यांना जे मिळालं नव्हतं, ते सगळं ते आम्हाला देत होते. आणि जे मिळालं होतं, तेही.

धोंडीरामचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला होता. "एकडाव बगून येतो," म्हणून तो मागं लागला. मेजर म्हणाले, "मतदान होऊ दे. माज्या गाडीनं पोचवतो." भर दुपारी, आम्ही उन्हात बसलो असताना, धोंडीराम मागच्या भिंतीवरून उतरला आणि उतारानं पळत सुटला. रानावनातला माणूस तो, चपला असत्या तर सापडला नसता. मेजरच्या हाताखालच्या पोरांनी त्याला धरून आणलं तेव्हा तळपाय फाटले होते.

मेजरनी घमेल्यात गरम पाणी मागवलं. धोंडीरामसमोर जमिनीवर बसले, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि सुईनं एकेक काटा काढला.

"मीबी पळालो हुतो, गड्या," ते काट्याकडं बघतच म्हणाले. "मला धरून आणला. पाय न्हाई धुतलं कुणी."

त्यांनी हळद लावली, स्वच्छ फडकं बांधलं. मग उठले आणि त्याच्या खोलीला बाहेरून कडी घालायला सांगितली.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी डोकेदुखीची गोळी मागायला मेजरच्या खोलीत गेले. पत्र्याच्या डब्यात सगळे मोबाइल ठेवलेले असत. त्यातला एक त्यांच्या कानाला होता. ते फक्त "बरं" म्हणाले, मोबाइल डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"कुणाचा होता?"

"धोंडीरामच्या घरचा. म्हातारा गेला."

मी वळले. खांद्यावर हात आला.

"बसा. मी आत हुतो तवा माजी आई गेली. मला कुणी कळवलं न्हाई. भायेर आल्यावर कळलं. आत असताना कळलं असतं, तर भिंतीवर डोस्कं आपटून मेलो असतो. त्यो भायेर पडू दे, मग सांगू."

"आज मतदान आहे, म्हणून सांगत नाही तुम्ही."



"त्येबी हाय," ते म्हणाले.

खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. हात खांद्यावर असतानाच मी उठले, धोंडीरामच्या खोलीची कडी काढली आणि त्याला सांगितलं. तो बाहेर आला आणि मेजरसमोर उभा राहिला.

"माज्या चपला द्या."

मेजरनी त्या स्वतः आणून त्याच्या पायाशी ठेवल्या. ड्रायव्हरला हाक मारली. "ह्याला घरला पोचव. जाताजाता वडूजला थांब."

वडूजला पंचायत समितीच्या सभागृहात हात वर करून मतदान झालं. धोंडीरामचा हात वर गेला. सभापती आमचा झाला. गाडी दारातच उभी होती. हात वर गेला नसता तर ती घरच्या वाटेला लागली असती का, यावर आमच्याकडं आजही वाद होतात. तो घरी पोचला तेव्हा पुतण्यानं अग्नी देऊन झाला होता.

"हात मी वर केला न्हाई, वैनी," धोंडीराम मला नंतर म्हणाला. "त्यो आपला आपण गेला."

यंदा मेजर गेले. तिरंग्यात गेले. अंत्ययात्रेला वडूज मावेना. तेरावा झाला आणि स्टँडसमोर पुतळा बसवायचं निघालं. मग तोंडं फुटली. कुणी म्हणे, देशासाठी कैद भोगलेला माणूस, पुतळा नको म्हणणारे तुम्ही कोण? कुणी म्हणे, कैद भोगली ती त्यांनी एकट्यानं, आणि पुढं वाटली सगळ्या तालुक्याला. चहाच्या गाड्यावर, मोबाइलवर, लग्नाच्या मांडवात, जिथं बघावं तिथं हेच चालू होतं. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

मेजरचा मुलगा माझ्याकडं आला. "काकू, शोकसभेत तुम्ही बोला. दुष्काळाचं बोला."

"आणि पाचगणीचं?"

तो हसला. "ते आता कुणाला आठवतंय?"

त्याच्याबरोबरचे दोघं आत आले नाहीत. अंगणात उभे राहून ते आमचा गोठा, विहीर, मोटारीची केबल कुठून कुठं गेली आहे, हे सगळं सावकाश बघत होते.

सभेत मी दोन्ही बोलले. दुष्काळ संपवून पाचगणीवर आले आणि माइक बंद पडला. लाइट गेली, असं कुणीतरी म्हणालं. डोक्यावरचे पंखे फिरत होते.

तेव्हा मागून धोंडीराम उठला. माळावरून कळपाला हाका मारणारा गळा, त्याला माइक लागत नाही.

"वैनी बोलल्या त्ये खरं हाय. आन माजी मेंढरं मेजरनं जगवली, त्येबी खरं हाय. पुतळा करा. मी नगं म्हणणार न्हाई. पर हार घालायला मला बोलवू नगा."

एक जण टाळी वाजवायला गेला आणि आजूबाजूला बघून थांबला. लोक पांगले. चारच दिवसांत कुणीतरी आमच्या विहिरीवरची केबल कापून नेली. धोंडीराम कळप घेऊन कवठे महांकाळकडं निघून गेला तो अजून परतलेला नाही.

पुतळ्याचा चौथरा बांधून झालाय.

या निवडणुकीत माझी सून पंचायत समितीवर गेली. मेजरच्या मुलाच्याच पॅनेलमधून. आमच्या गावात दुसरं पॅनेल उरलेलं नाही. काल सकाळी तिला 'सहलीला' न्यायला जीप आली. मी तिला आत बोलावून सगळं सांगितलं. ती बॅग भरत म्हणाली, "आत्या, आता तसलं काही नसतं. रिसॉर्ट आहे, स्विमिंग पूल आहे."

जीपचं दार मेजरच्या मुलानं स्वतः धरलं होतं. रिसॉर्ट कुठं आहे, मी विचारलं.

"काळजी करू नका, काकू," तो म्हणाला. "आबांनी मला सगळं शिकवलंय."

कालपासून मी सुनेला फोन लावतेय. बंद नाही, वाजतो. बराच वेळ वाजत राहतो. मग तिकडून कुणीतरी तो कापतं.